देवमातेच्या मागची डिश

सोमवार, १८ एप्रिल १९९४

सगळ्यांत आधी आली शेजारची ओल्गा, तीसुद्धा घरातल्या सपाता घालून, हातात बटाटे सोलायची सुरी तशीच. "पावलिना, निळी गाडी आलीय. एक बाई, एक बाप्या. विम्याचे नाहीत. विमेवाले एवढे हसत नाहीत." मी म्हटलं, फादरांकडे आले असतील. तर म्हणे, "चर्च ओलांडून आलेत." तेवढ्यात माझ्याच दारावर टकटक! ओल्गा मागच्या दारानं अशी पळाली की सुरी माझ्या टेबलावरच राहिली.

बाईचं नाव मिस प्रुइट. बाप्या डेलब्रुक, इतका उंच की आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीला दोनदा डोकं आपटलं. केबलच्या कंपनीतून आलेत. "गावचे लोक टीव्हीवर काय काय बघतात, एवढंच विचारायला आलोय, आजी." आजी म्हणाली मला! माझ्या पोरीची पोरं कॅलिफोर्नियात, ती फोनवर "हॅलो" म्हणतात. मी म्हटलं, आधी बसा. बटाट्याच्या सारणाच्या पिरोही उकळून तयारच होत्या, वर लोण्यात परतलेला कांदा घातला. बाप्यानं तीनदा वाढून घेतल्या. मिस प्रुइटनं पाकक्रिया विचारली आणि लिहूनही घेतली. लोणी किती ते मी थोडं कमी सांगितलं, ते आपलं आपल्याकडे असावं.

मग ती खिडकीतून बघत म्हणाली, "आजी, ह्या परसांमधल्या मोठाल्या डिश सगळ्यांकडेच दिसतात. छान चालत असतील?"

आता खरं सांगायचं तर एकही चालत नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी एक विकणारा आला होता, आभाळातून फुकट चित्र येईल म्हणाला. नवऱ्यांची पेन्शन नुकतीच सुरू झालेली. सगळ्या आळीनं सिमेंटचे खड्डे भरून डिश उभ्या केल्या. वर्षभर मजा झाली. मग चॅनेलवाल्यांनी चित्रांना कुलपं घातली, किल्लीचे वेगळे पैसे मागायला लागले. ते कुणाच्याच्यानं होईना. सगळे गुपचूप परत केबलवर आले. डिश काढायचाही खर्च असतो, म्हणून त्या तशाच राहिल्या. ओल्गा तिच्या डिशवर घेवडा चढवते. आळीतल्या वासिलच्या डिशमध्ये कबुतरं आंघोळ करतात. मी माझी निळी रंगवून, चांदण्या काढून, पुढ्यात देवमातेची मूर्ती ठेवलीय. बिशप आले होते तेव्हा त्यांनीही थांबून हात जोडले.

पण हे बाहेरच्याला कसं सांगायचं? माझ्या आईनं शिकवलंय. संपाच्या हिवाळ्यात खाणीच्या कंपनीचा माणूस दारोदार फिरायचा, शेजारच्या घरात पीठ उरलंय का, कोळसा आहे का, गोड बोलून विचारायचा. ज्याचं कपाट रिकामं, त्याच्यावर आधी दाब. म्हणून आमच्या आळीत नेमच झाला, की बाहेरच्यानं विचारलं तर शेजारणीचं कपाट भरलेलं. स्वतःचं मेलं काही का असेना. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तेव्हा मी म्हटलं, "चालतात म्हणजे काय! चित्र अगदी काचेसारखं." त्यांना घेऊन सगळी आळी फिरवून आणली. ओल्गाच्या डिशला नुसत्या सुतळ्या बांधलेल्या. घेवडा अजून लावायचाय. बाप्या म्हणाला, "ह्या दोऱ्या कशाला?" मी म्हटलं, "वारा असतो ना इकडे." माझ्या डिशपाशी मिस प्रुइट जरा घुटमळली. "आणि ही, आजी?" मी म्हटलं, "बाई, देवमाता कधी कुणाच्या आडवी येत नाही." दोघं इतके हसले!

जाताना त्यांनी मी सांगितलेलं सगळं नीट टाइप केल्यासारख्या भाषेत वाचून दाखवलं. मी चौथीत शाळा सोडून शर्टांच्या कारखान्यात गेलेली, माझं बोलणं इतकं शहाण्यासारखं मी पहिल्यांदाच ऐकलं. सही केली. पूर्ण नाव लिहिलं, पावलिना ह्रिंको, शेपटीसकट.

शुक्रवार, २२ एप्रिल

कंपनीचा माणूस खांबावर चढला आणि उतरून म्हणाला, "काकू, आता तुम्हाला सिनेमाचे सगळे चॅनेल दिसतील. कंपनीकडून भेट." मिस प्रुइटचं मन मोठं! रात्री एक सिनेमा पाहिला. त्यात सगळे एकमेकांना फसवत होते आणि कपडे फार थोडे होते. पूर्ण पाहिला.

रविवार, २४ एप्रिल

चर्चमधल्या मासनंतर मार्सेला जेवायला आली. माझी एकुलती लेक, गावच्या कौन्सिलची अध्यक्ष, आणि दिवसा शाळेच्या कचेरीत. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. केबलच्या भांडणानं झोप उडवलीय म्हणे. कंपनीनं दर वाढवले आणि गावानं ते खाली आणायचा हुकूम काढला. आमच्या खोलगट गावात साध्या अँटेनावर मुंग्याच दिसतात, केबल नाही तर काहीच नाही.

मी म्हटलं, "गावाला असा हुकूम काढता येतो?"

"येतो आई, दोन वर्षांपूर्वी कायदा झालाय. असं बघ. बाजारात दोन खाटीक असले की भाव आपोआप आटोक्यात राहतो. एकच खाटीक असला तर भावावर गावानं लक्ष ठेवायचं. पण शंभरातल्या पंधरांहून जास्त घरांत दुसऱ्या कुणाकडून चित्र येत असलं, तर ती स्पर्धा झाली. मग गावाचा हात बाजूला, कंपनी लावेल तो दर."

"आपल्याकडे कुठाय दुसरा खाटीक?"

"तेच तर. कंपनी म्हणते आहे. पुरावा आणणार आहे तीन तारखेच्या सुनावणीला. कसला पुरावा, देव जाणे."

खाटीक म्हटल्यावर मला दुसऱ्या गल्लीतला तो मेला आठवला. ईस्टरला त्यानं हॅम दिलं त्यात अर्धं हाड. ते मी तिला सांगत बसले. पाहुण्यांचं सांगणार होते, पण म्हटलं राहू दे, सुनावणीला ती मंडळी येतीलच, तेव्हाच माझी ओळख निघाली की लेकीला केवढा आनंद होईल.

गुरुवार, २८ एप्रिल

ओल्गा कुंपणापाशी. सुरी परत दिली. तिचा आवाज खाली होता म्हणजे काहीतरी आहे हे मी ओळखलं. म्हणाली, "दर खाली आला नाही तर आम्ही केबल तोडणार."

तिच्या नवऱ्याच्या, मेतोदच्या छातीत खाणीतल्या कोळशाची धूळ बसलीय. खुर्चीतून न्हाणीघरापर्यंत जायचं तर मधे दोनदा थांबतो. चर्चच्या पायऱ्या तर सोडाच. सकाळी टीव्हीवरचा मास, दुपारी बेसबॉल, एवढंच त्याचं जग. खेळाडूंना शिव्या देतो तेव्हाच त्याचा आवाज पहिल्यासारखा निघतो.

"त्याला सांगितलंस?"

"मी सांगणारेय की वायर बिघडलीय. माझ्याकडून आल्याचं कळता कामा नये."

मी म्हटलं, "मार्सेला आहे ना. ती दर खाली आणल्याशिवाय राहायची नाही." आणि हे बोलताना छातीवर हात ठेवला मी. छातीवर!

मंगळवार, ३ मे

लिहायचं मन नाही. पण लिहिलं नाही तर झोप नाही.

अग्निशमनच्या हॉलमध्ये सुनावणी. मी चांगला निळा झगा घालून दुसऱ्या रांगेत बसले. मिस प्रुइट आणि डेलब्रुक समोरच्या टेबलावर. मी हात हलवला. सगळ्यांसमोर, उभी राहून, लग्नात हलवतात तसा. मिस प्रुइटनंही हलवला. मार्सेलानं आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

मग मिस प्रुइट उठली आणि म्हणाली, ह्या गावात भरपूर घरांमध्ये डिशवरून उत्तम चित्र येतं, म्हणजे स्पर्धा आहे, म्हणजे दर ठरवायचा गावाला हक्क राहत नाही. आणि वाचायला लागली. एकेक घर. सेमानचिक यांच्याकडे, म्हणजे आमच्या ओल्गाकडे, काचेसारखं चित्र. वासिल यांच्याकडे, काचेसारखं. माझ्याच तोंडचं, पण आता ते इतकं शहाणं वाटेना. मागून कुणीतरी ओरडलं, "कबुतरांना विचारा!" लोक हसले. मला अजून कळत नव्हतं, मीसुद्धा हसले. देवा, मीसुद्धा हसले.

मग तिनं नाव वाचलं. पावलिना ह्रिंको.

मार्सेला म्हणाली, "आई, हे तू सांगितलंस?"

मी उभी राहिले. म्हणायचं एवढंच होतं, की खोटं आहे ते. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न, मग खरं काय? मग ओल्गासमोर, सगळ्या गावासमोर, कुणाला किल्लीचे पैसे झेपले नाहीत ते एकेक सांगायचं. ओल्गा माझ्या शेजारीच बसली होती. तिचे हात मांडीवर घट्ट.

मी म्हटलं, "हो, मीच सांगितलं." आणि खाली बसले.

डेलब्रुक फार नम्रपणे म्हणाला, "अध्यक्षबाईंच्या मातोश्री त्या. त्यांना माहीत असणारच." आणि मागून तो कबुतरवालाच आवाज, "म्हातारीला सिनेमे फुकट दिसतात हल्ली!"

खांबावर चढलेला माणूस सगळ्यांनी पाहिला होता. मी सोडून सगळ्यांना त्याचा अर्थ कळला होता.

बुधवार, ४ मे

टीव्हीवर ओढणी टाकून ठेवलीय. त्याच्याकडे बघवत नाही.

गुरुवार, ५ मे

मार्सेला आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. कोटही काढला नाही.

"आई, मला निदान एका शब्दानं सांगायचंस."

"तुला चकित करणार होते."

"केलंस की." मग हसली, आणि हसता हसता रडायला लागली, मी तिला जवळ घ्यायला गेले तर म्हणाली, "नको आत्ता."

आता प्रकरण वॉशिंग्टनच्या कचेरीत गेलंय. तिथला माणूस कंपनीबरोबर इथे पाहणीला येईल. डिश परसात उभ्या आहेत, बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. मी तेव्हा सांगितलेलं खोटं होतं, हे मीच घरोघर जाऊन त्याला सांगितलं, तरच काही जमलं तर जमेल.

"नुसती माझीच बंद आहे म्हणून सांगितलं तर?"

"एकानं काय होतंय आई? सगळी घरं त्यांनी धरलीत. तुझ्या शब्दावर."

जाताना दारात म्हणाली, "तुझ्या हातच्या पिरोही खाऊन गेले ना ते?"

"तीनदा वाढून घेतल्या."

तिनं दार हळूच ओढून घेतलं.

रविवार, ८ मे

मदर्स डे. चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटीच. एरवी आम्ही पाचजणी कोंबून बसतो, कुणाची ना कुणाची टोपी माझ्या डोळ्यात जाते. आज मला ऐसपैस जागा होती. अशी जागा वैऱ्यालाही मिळू नये.

काल ओल्गाकडे अक्रोडाच्या सारणाची रोल-भाकरी पाठवली होती. आमच्यात ताटली रिकामी परत करत नाहीत, निदान चार अंडी तरी. आज माझ्या पायरीवर ताटली होती. घासून पुसून लख्ख. त्यात काही नाही.

मी धीर करून कुंपणापाशी गेले. "ओल्गा, मी आपली नेहमीसारखं तुझं झाकायला गेले गं."

"माझं कपाट भरलेलं दाखवलंस," ती म्हणाली. "आता त्याचं बिल मी भरू." आणि धुणं अर्धंच टाकून आत गेली. ओल्गा धुणं अर्धं टाकत नाही. तिच्या सासऱ्याचं प्रेत घरात होतं तेव्हासुद्धा तिनं चादरी आधी पूर्ण टाकल्या होत्या.

बुधवार, ११ मे

आज ओल्गाकडे पुढच्या दारानं गेले. चाळीस वर्षांत पुढच्या दारानं पहिल्यांदाच. मलाच ते इतकं परकं वाटलं की घंटी वाजवून पळून जावंसं वाटलं.

"विचारायला आलेय. तुझी डिश बंद आहे असं त्या वॉशिंग्टनवाल्याला सांगू का? तू नाही म्हणालीस तर सांगायची नाही."

"आणि का बंद, तेही सांगशील?"

"विचारलं तर सांगावं लागेल."

"अजिबात नाही. जिभेला हाड नाही तुझ्या. आधी सगळ्या जगाला आम्ही श्रीमंत म्हणून सांगितलंस, आता भिकारी म्हणून सांग."

आतल्या खोलीतून मेतोदचा आवाज. बेसबॉल बंद केला होता त्यानं. "पावलिना. आत ये."

त्याचं एक वाक्य म्हणजे तीन श्वास. त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या चपलांकडे बघत ऐकलं मी.

"संपात कंपनीला... आपलं कपाट रिकामं हवं होतं. म्हणून तुझी आई भरलेलं म्हणायची." थांबला. "आता कंपनीला भरलेलं हवंय. आणि तू तेच म्हणतेस. अगं... कंपनी काय विचारते ते नको बघू. तिला काय हवंय... ते बघ."

मी तिथेच खुर्चीत बसले. साठ वर्षं आईचं वाक्य पाठ म्हणत आले, ते कशासाठी होतं ते मला ह्या खोकणाऱ्या माणसानं सांगावं!

ओल्गा दारातून म्हणाली, "मेतोद, तुला लाज नाही वाटणार? सगळं गाव—"

"लाज तुम्हा बायकांना. मला नुसता खोकला आहे." मग म्हणाला, "आणि वायर बिघडणारेय म्हणे आपली. कुंपणावरचं मला सगळं ऐकू येतं. छातीत धूळ आहे, कानात नाही."

ओल्गा तोंडाला पदर लावतात तसा एप्रन लावून आत गेली. मला सांग म्हणाली नाही. नको असंही म्हणाली नाही.

शुक्रवार, १३ मे

काल-आज घरोघर विचारत फिरले. गुडघे बोलायला लागलेत. पण काय ऐकलं ते लिहिते.

वासिलकडे गेले, तो कबुतरांना दाणे घालत होता. मी म्हटलं, तुझी बंद आहे असं सांगायला परवानगी दे. तो लाल झाला. म्हणाला, "मावशी, ते दोघं माझ्याकडेही आले होते. त्यांनी विचारलं, ह्रिंको आजींची डिश चालते का? मी म्हटलं, सगळ्या आळीत आजींचीच उत्तम!"

"माझ्या डिशपुढे देवमाता उभी आहे रे!"

"तेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिच्यामुळेच चित्र चांगलं येतं."

कोपऱ्यावरच्या विधवेनं ओल्गाची चालते म्हणून सांगितलेलं. तिच्या समोरच्यांनी तिची. सगळ्या आळीनं एकमेकांची कपाटं भरून ठेवली होती! सही तेवढी माझी, कारण पूर्ण नाव शेपटीसकट लिहायची हौस मला.

काहींनी हो म्हटलं. दोघांनी दार लावून घेतलं. एकीनं हो म्हटलं आणि मग मागून हाक मारून नाही म्हणाली, आणि परत हो. घरी येऊन मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आधी सगळ्यांच्याच डिश बंद हे नुसतं ठाऊक होतं, कुणाच्या घरात डोकावले नव्हते. आता सगळ्यांचं दार उघडून आत बघून आले. आपलेच दात, आपलेच ओठ.

शनिवार, १४ मे

निळी गाडी. ह्या वेळी ओल्गा सांगायला आली नाही, पण तिचा पडदा हलला.

मिस प्रुइट एकटीच. हातात बिस्किटांचा डबा. म्हणाली, वॉशिंग्टनचे साहेब येणार आहेत, फक्त पाच मिनिटं, आजींनी पुन्हा एकदा तेच सांगायचं. मी तिला बसवलं. पाहुणा तो पाहुणा. कॉफी दिली. पिरोही होत्या, काढल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच घरात असून काढल्या नाहीत, आणि वासावरून तिला कळलंही असेल. माझे कान तापले.

म्हटलं, "बाई, ते सिनेमे काढून न्या."

"आवडले नाहीत का, आजी?"

"आवडले. म्हणूनच न्या."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे न हसता बघितलं. तशी ती बरीच तरुण दिसते, थकलेलीही. म्हणाली, "आजी, तुमची सही आहे हं त्यावर."

"आहे ना. साहेबांना मी ती डिश दाखवीन. देवमातेला बाजूला करीन आणि म्हणीन, शोधा वायर."

डबा तिनं तिथेच ठेवला. तो मी तिच्या मागे जाऊन गाडीत ठेवला. मग वाटलं फार उद्धटपणा झाला, आणि लोण्याचं खरं प्रमाण सांगून टाकलं तिला. तेवढं तरी खोटं माझ्याकडे राहू नये.

सोमवार, १६ मे

मार्सेला आली. कोट काढला. उभ्याउभ्याच पातेल्यातली पिरोही बोटांनी उचलून खाल्ली, लहानपणी खायची तशी, आणि बोट भाजलं तेव्हा मलाच ओरडली. मी म्हटलं, जिंकू का गं? म्हणाली, "माहीत नाही आई. एकदा सही झालेला कागद आहे तो." खोटा धीर देत नाही ती. हे ती कुणाकडून शिकली कोण जाणे, माझ्याकडून तर नाही.

ती गेल्यावर मागच्या पायरीवर ताटली दिसली. माझी नव्हे, ओल्गाची. त्यात घेवड्याच्या बिया, पाण्यात भिजवून मोड काढलेल्या. चिठ्ठी नाही. मी कुंपणाशी गेले तर ती तिच्या डिशच्या बुडाशी ओणवी होती, मातीत हात घालून.

"अजून गार आहे माती. एवढ्या लवकर लावतेस?"

"साहेब येईपर्यंत दोन पानं तरी दिसायला हवीत, चालत्या डिशवर घेवडा लावत नाहीत," ती म्हणाली, वर न बघता. "तुझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?"

अंधार पडेपर्यंत माझ्या डिशपाशी बिया टोचल्या. देवमातेचे पाय जरा चिखलाचे झाले. ती काही म्हणाली नाही. तिच्यापुढे मला अजून तोंड वर करवत नाही, आणि ओल्गापुढेही नाही. गुरुवारी तर घरोघर उभं राहून, जिवंत माणसांसमोर, त्यांना काय काय झेपलं नाही ते परक्या साहेबाला सांगायचंय. मेतोदनं निरोप पाठवलाय की त्याच्या दारापाशी मोठ्यानं बोलायचं, त्याला नीट ऐकू यायला हवं.

गुरुवारी, एकोणीस मेला, सकाळी दहाला येतो म्हणालेत.